सरळ रेषेतलं अंतर

९ जानेवारी

आज दिनुषाला आणि जावयाला समोर बसवून स्पष्टच सांगितलं. म्हटलं, घर घ्यायचं तर दोनच गोष्टी बघायच्या. आपली माणसं जवळ हवीत आणि चांगली शाळा जवळ हवी. फरशी कसली, न्हाणी कुठे, ते सगळं नंतर. दिनुषा म्हणाली, "हो तात्ता." जावई म्हणाला, "अगदी बरोबर आहे तुमचं." हा माणूस लग्न झाल्यापासून माझ्या एकाही वाक्याला अगदी बरोबर म्हणालेला नाही. चला, गेल्या वर्षी पेट्रोलच्या रांगांत उभं राहून का होईना, अक्कल आली म्हणायची.

सध्या ती तिघं कोलंबोशेजारी देहिवलाला कुणाच्या तरी घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात. इथे नुगेगोड्याला आमची मागची खोली रिकामी पडली आहे, पण तिथे या म्हटलं की तुषितचं नाक कापलं जातं. घरजावई म्हणून लोक हसतील म्हणे. बरं बाबा, न हसोत. मग निदान आमच्या गल्लीत तरी घर घे. नात सितुमी सव्वा तीन वर्षांची झाली. आत्ता इथे येऊन राहिली तरच शाळेच्या वेळेपर्यंत प्रवेशाला लागणारी राहण्याची वर्षं भरतील. मुलींची मोठी शाळा आमच्यापासून इतकी जवळ आहे की सकाळची प्रार्थना अंगणात ऐकू येते. शाळा सुटली की पोर तडक आमच्याकडे येईल, आजीच्या, तिच्या आच्चीच्या, हातचं जेवेल, मग मी तिला अभ्यासाला बसवीन. मला आता आयुष्यात दुसरं काही नको आहे. हे त्यांना बोललो नाही, इथे लिहितो.

करुणावती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाजारात तुरी." पुढची म्हण तिने पुरी केली नाही. भटणीला मारण्याची या भटाची हिंमत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

१५ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आहे. त्यामुळे करुणावतीला बशी मांडीवर घेऊन जेवावं लागतं, आणि तेवढ्यावरून तिचा तोंडाचा पट्टा चालू आहे. चांगल्या कामाला घरातूनच अपशकुन.

शाळाप्रवेशाचा नियम लोकांना कळत नाही. मला कळतो, कारण मी जन्म मोजणी खात्यात काढला. घरापासून शाळा मोजायची ती सरळ रेषेत, रस्त्याने नाही. आणि हव्या त्या शाळेहून जवळ दुसरी सरकारी शाळा असली, की अशा प्रत्येक शाळेमागे गुण कापले जातात. म्हणजे चांगल्या शाळेच्या जवळ राहून भागत नाही, बाकीच्या शाळांपासून लांबही राहावं लागतं. लोक इथेच चुकतात. मोठ्या शाळेची घंटा ऐकून घर घेतात, मागच्या बोळातली कळकट छोटी शाळा बघतच नाहीत, आणि मग कपाळाला हात लावून बसतात.

आता कडवतचं प्रकरण. तिथे आमच्या विहीणबाई राहतात, तुषितची आई मल्कांती. विधवा, घरात एकटी, पण जीभ चौघींची. थोरली मुलगी मेलबर्नला जाऊन बसली, म्हणून बाईंनी मुलाला पदराशी घट्ट बांधून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं, पोरांनी कडवतलाच बिऱ्हाड करावं, तिकडेही मुलींची चांगली शाळा आहे. मी नकाशावर त्यांच्या घरात कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं. आत शाळाच शाळा. गुण उरतच नाहीत. कर्तव्य म्हणून फोन करून तसं कळवलं.

"कोडागोडा महत्तया," त्या म्हणाल्या, "तुमची ती सरळ रेघ लोकांच्या न्हाणीघरांतून जाते. पोर काय भिंती फोडत शाळेला जाणार आहे?"

"नियमच तसा आहे, बाई."

"नियम ठेवा तुमच्यापाशी. माझ्या नातीला टेप लावायचं काम नाही."

त्यांनी फोन आपटला. माणसाने भलं तरी कुणाचं करावं?

२९ जानेवारी

रविवार. पोरांना घेऊन महरगमला एक आणि बोरलेसगमुवाला एक अशी दोन घरं पाहिली. दोन्ही मीच नापास केली. पहिल्यामागे शाळा, दुसऱ्यामागे दलदल. दिनुषाने घरमालकिणीला एकही प्रश्न विचारला नाही. बिचारी माझ्यावर सगळं सोपवून मोकळी झाली आहे.

तुषितचं मात्र मला कौतुक वाटलं. गाडीत मागे बसून कानात ते बोंडूक घालून तो सारखा पुटपुटत होता. नीट ऐकलं तर इंग्रजीत घराचंच वर्णन चाललेलं! मला कशा घरात राहायला आवडेल, खिडक्या किती असाव्यात, शेजार कसा असावा, सगळं घड्याळ लावून. मी विचारलं, "हे काय?" तर दचकला आणि म्हणाला, "सराव करतोय, तात्ता." दलाल हल्ली इंग्रजीत बोलून गिऱ्हाइकाला गुंडाळतात, त्याची तयारी असणार. एवढा विचार करणारा असेल असं वाटलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

देव पावला! समोरच्या वेलिकळांनी घर विकायला काढलं आहे. आमच्या फाटकातून त्यांच्या फाटकात लिंबू टाकलं तर पडेल. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, घर एकदम टापटीप. मी चहा पीत पीत मनात रेघ मारून घेतली. मोठ्या शाळेहून जवळ दुसरी एकही शाळा नाही. गुण पूर्णच्या पूर्ण.

घर का विकता, विचारलं. टोरांटोला मुलाकडे जातो म्हणाले, कायमचे. मला राहवलं नाही. म्हटलं, "वेलिकळा, या वयात बर्फात पडून हाडं मोडायला जाता? मुलांना वळण लावलं असतं तर जवळ राहिली असती. आमची बघा." ते नुसते हसले आणि बिस्किटांची बशी पुढे केली. माणूस मनाला लावून घेत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

घरी येऊन दिनुषाला फोन केला. पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तात्ता, घाई नका करू." आनंदाने गहिवरली होती पोर. लहानपणापासून ती तशीच आहे, सुख झेपत नाही तिला.

५ मार्च

वेलिकळांना थांबवून ठेवलं आहे. म्हटलं, जावयाचं कर्जाचं बघणं चालू आहे. आणि ते खोटं नाही. गेल्या आठवड्यात तिघं दवाखान्यात जाऊन आली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, पोरीचीसुद्धा तपासणी. करुणावती घाबरली, पण मी समजावलं. बँका आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. माणूस हप्ते फेडेपर्यंत टिकतो की नाही, ते बघूनच पैसा सोडतात.

तुषितने गाडीही विकली. म्हणजे आगाऊ रकमेची सोय झाली. पूर्वी मी त्याला उडाणटप्पू म्हणायचो, तो शब्द मागे घेतो. अर्थात इथेच, वहीत.

सितुमी आज दिवसभर आमच्याकडे होती. "सीया, पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवतो ना, तो मोठ्ठी उडी मारतो. मी त्याला हात लावणार आहे," असं मला, तिच्या आजोबाला, सांगत होती. प्राणिसंग्रहालयात न्यायचं ठरलेलं दिसतं. त्यांच्या देहिवलाच्या घरापासून चार पावलांवर आहे आणि अजून पोरीला नेलं नाही! मी नेईन म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही नाही येणार. अम्मा म्हणाली, सीयाला विचारू नको." मी प्राणिसंग्रहालयात गेलो की दम लागतो, हे दिनुषाच्या लक्षात आहे. मुलगी ती मुलगीच.

१५ एप्रिल

काल नव्या वर्षाच्या सणाला आमच्याकडे सगळे जमले. मुहूर्तावर चूल पेटवली, दूध उतू घालवलं, नारळाच्या दुधातला भात, किरिबत, वाढला. विहीणबाईही कडवतहून आल्या, डबाभर तळलेले गोड कवुम घेऊन. कवुम चांगले होते, मान्य करायला हवं. त्यांच्यासमोर मुद्दामच वेलिकळांच्या घराचा विषय काढला.

"पुढच्या सणाला दिनुषा समोरच्या घरात दूध उतू घालवणार," मी म्हटलं.

"आम्ही काय दुरून बघत बसायचं?" विहीणबाई म्हणाल्या. "आठवड्यात चार दिवस पोर तुमच्याकडे, तीन दिवस माझ्याकडे. आत्ताच सांगून ठेवते."

"शाळा पाच दिवस असते, बाई. चार दिवसांच्या गणितात कशी बसवणार?"

"मग तुम्हाला पाच दिवस, मला दोन. पण सुट्ट्या सगळ्या माझ्या."

"अर्ध्या."

"सगळ्या!"

आमचं हे जुंपलेलं असताना दिनुषा उठून मागच्या अंगणात गेली आणि करुणावती तिच्यामागे गेली. दोघी बऱ्याच वेळाने आल्या, दोघींचे डोळे लाल. कांदा चिरत होतो म्हणाल्या. तुषित बशीतल्या कवुमचा नुसता चुरा करत बसला होता. दोन आजीआजोबांमध्ये पोर वाटून घ्यायची वेळ आली म्हणजे बापाला अवघडल्यासारखं होणारच. पण त्याने हेही बघावं की त्याच्या पोरीवर माणसं किती जीव टाकतात.

५ मे, वेसाक पौर्णिमा

सितुमीला आकाशकंदील करून दिला. बांबूच्या काड्या मी तासल्या, तिने डिंक स्वतःच्या केसांना लावला. दिवसभर मागे मागे होती. "पुढच्या वर्षी याच्याहून मोठा करू, समोरच्या घराला लावायला," मी म्हटलं. ती म्हणाली, "इतका मोठा विमानात मावेल?" पोरांची डोकी कुठून कुठे धावतात.

परवा दिनुषा एकटीच ज्योतिष्याकडे गेली होती, घराचा योग विचारायला. काय म्हणाले, विचारलं तर सांगेना. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही, स्वतः जाऊन आलो. ज्योतिषी म्हणाले, पोरीच्या पत्रिकेत घर आग्नेयेला आहे, आणि मोठं पाणी ओलांडून आहे. पाणी म्हणजे केळणी नदी, आणि नदीपलीकडे कडवत! पण कडवत आग्नेयेला नाही, हे लक्षात येताच जीव भांड्यात पडला. घरी येऊन कंपास काढला. सितुमीचा जन्म झाला त्या इस्पितळापासून मोजलं, तर वेलिकळांचं घर बऱ्यापैकी आग्नेयेलाच येतं. मध्ये पाणीही आहे, कालवा. ज्योतिषी मोठं पाणी म्हणाले, पण पावसाळ्यात तो कालवा काही लहान नसतो.

करुणावतीला हे सगळं नकाशावर दाखवलं. ती म्हणाली, "अहो, बास करा आता." म्हटलं, "का? तुला नको आहे का पोर समोर आलेली?" तर ताट आणायला उठून गेली.

२१ मे

घरात खोकून खोकून जीव गेला. करुणावती सकाळपासून मसाला भाजते आहे. तिचेही डोळे वाहत होते, म्हटलं, धूर झाला. धणे, जिरं, बडीशेप, कढीपत्ता, लग्नघराला पुरेल एवढा. म्हटलं, "हे कुणाच्या बापाच्या बाराव्याला?" म्हणाली, "दिनुषाला द्यायचा आहे. वर्षभर टिकेल असा."

"वर्षभर? समोरच राहायला येते आहे ती. वाटीभर संपला की वाटीभर घेऊन जाईल."

तिने पिशव्या मात्र अशा घट्ट बांधल्या, दोन-दोन थरांच्या, की हवा आत जायची नाही. बायकांचा हा हावरटपणा मला कधी कळला नाही. वर दुपारी बाजारातून सितुमीला लोकरीची टोपी आणि स्वेटर आणला. कोलंबोच्या या उकाड्यात! डोंगरावर थंडीत, नुवरा एळियाला सहलीला जाणार असतील म्हणून सोडून दिलं.

वेलिकळा आज फाटकात भेटले. त्यांना दुसरं गिऱ्हाईक आलं आहे. मी शब्द दिला. म्हटलं, पोसोन पौर्णिमेला मुलीला आणि जावयाला घेऊन येतो, बोलणी पक्की. ते म्हणाले, "कोडागोडा, मुलांना एकदा विचारून घ्या." म्हटलं, आमच्याकडे तसं नसतं.

३ जून, पोसोन पौर्णिमा

आज लिहायचं नव्हतं. पण खात्यात असताना रानावनात भिजत बसून रोजची नोंद केली आहे. तेव्हा चुकवली नाही ती आज का चुकवू?

सकाळी तिघं आली, पांढऱ्या कपड्यांत. दिनुषाच्या हातात विड्याच्या पानांची जुडी. मी मनात म्हटलं, न्हालं एकदाचं गंगेत घोडं. आईबापांना पानं देऊन पाया पडल्याशिवाय आपल्यात कुठल्या मोठ्या कामाला हात लागत नाही, तेव्हा घराचं ठरलं हे उघडच होतं. दोघांनी गुडघे टेकले. पानं माझ्या हातात दिली आणि कपाळ जमिनीला लावलं. मी पानं घेतली. दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि तोंडभरून आशीर्वाद दिला. म्हटलं, "नव्या घरात सुखाने नांदा. जिथे जाल तिथे त्रिरत्नांचं रक्षण असो. मनात जे धरलं आहे ते तडीला जावो." असं म्हणालो. माझ्याच तोंडाने.

तुषित उठला नाही. खाली बघूनच म्हणाला, "तात्ता, व्हिसा आला."

मला वाटलं बँकेचाच काही कागद असेल. म्हटलं, "बरं झालं. म्हणजे आता पैसे कधी मिळणार?"

मग दिनुषा रडायला लागली आणि सगळं बाहेर आलं. मेलबर्न. पुढच्या महिन्यात. तुषितला नोकरी, त्याच्या अक्काच्या ओळखीने. ग्लेन वेव्हर्ली म्हणून उपनगर आहे, तिथे घर भाड्याने मिळतं आहे.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, तात्ता," ती म्हणाली, "आपली माणसं जवळ हवीत आणि चांगली शाळा जवळ हवी. तिथे अक्का पलीकडच्याच रस्त्यावर आहे. शाळा चालत जाण्यासारखी आहे. खरंच चांगली आहे हो."

"आणि आम्ही? आम्ही कोण आहोत?"

दिनुषाने सितुमीला जवळ ओढलं.

"मग दर रविवारी माझ्याबरोबर घरं कशाला बघत हिंडलात? मला गाढव ठरवायला?"

"नाही हो," तुषित म्हणाला. "दर रविवारी सांगायचंच म्हणून यायचो. तुम्ही दारात नकाशा घेऊन उभे असायचात."

पानं माझ्या हातात होती. घेतलेली पानं परत देता येत नाहीत, दिलेला आशीर्वादही परत घेता येत नाही. तरी मी ती जुडी भिंतीवर फेकली असती. पण सितुमी पुढे आली आणि म्हणाली, "सीया, मी पण पडू पाया?" आणि पडली. तिच्याही डोक्यावर हात ठेवावा लागला.

४ जून

करुणावतीला विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, सणाच्या दिवसापासून. अंगणात दिनुषाने सांगितलं.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात. आठवतं तरी का, निवृत्त झाल्यापासून एवढे खूश कधी होतात? सकाळी उठून शीळ घालत होतात. मला वाटलं, आणखी थोडे दिवस घालू दे शीळ." मग म्हणाली, "आणि मला काय कमी दुःख आहे? मी मसाला भाजत रडले. तुम्ही म्हणालात, धूर झाला."

बरोबर आहे. मी तसंच म्हणालो होतो.

८ जून

वेलिकळांकडे गेलो. वाटलं होतं, आता हा माझेच शब्द माझ्या तोंडावर मारणार. मारले असते तरी मी ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, "बसा, कोडागोडा. मुलगा गेला तेव्हा मी वर्षभर लोकांना सांगत होतो की ट्रेनिंगला गेलाय, येईल परत." मग बायकोला चहा टाकायला सांगितलं. आम्ही दोघं क्रिकेटवर बोललो.

खरा राग येतो तो विहीणबाईंचा. मुलीकरवी मुलाला ओढून घेतलं. आपलं घोडं कसं पुढे दामटायचं ते या बाईकडून शिकावं. मी मूर्खासारखा कडवतवर नजर ठेवून बसलो आणि तिने डाव मेलबर्नहून टाकला. शेवटी पोरं गेली ती तिच्याच माणसांत. उद्या स्वतःही जाईल मुलीकडे, आणि मग वर्षाचे सगळे दिवस तिचे. फोन आला होता त्यांचा. मी घेतला नाही.

२ जुलै

नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. करुणावती टेबलावर जेवली. आज सितुमी राहायला आली होती. मी तिला अक्षरं शिकवायला बसलो. तिने सगळा वेळ पाटीवर विमानं काढली. काढू दिली.

१६ जुलै

सकाळच्या विमानाने गेली.

कटुनायकेला जायला मोठी गाडी केली होती, वाटेत विहीणबाईंनाही घ्यावं लागलं. करुणावतीचा हट्ट. मी पुढच्या सीटवर बसलो आणि मागे वळून पाहिलं नाही. विमानतळावर दिनुषा गळ्यात पडली. मी तिला म्हटलं, "पोचलात की फोन कर, थंडीत कान झाक." सितुमी लोकरीची टोपी घालूनच निघाली होती, घामाने चिंब. आत जाताना मागे बघून हात हलवील असं वाटलं होतं. ती सामानाच्या ढकलगाडीवर बसायला मिळालं म्हणून खूश होती. तिने बघितलं नाही. मला फार लागलं ते.

विहीणबाई मात्र खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी उभ्या. मी मनात म्हटलं, हिला कशाला रडू येईल? हिचं सगळं मनासारखं झालं.

परतताना त्यांना घरी सोडायला कडवतला गेलो. म्हणाल्या, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. मला उतरायचं नव्हतं, पण करुणावती उतरून चालूही लागली. घरावर नवा मजला चढलेला पाहिला. म्हटलं, भाडेकरू ठेवणार वाटतं. त्या म्हणाल्या, "या, वर या, दाखवते."

वर दोन खोल्या. एकीत मोठा पलंग. दुसरी पिवळ्या रंगाची, त्यात छोटं टेबल, छोटी खुर्ची, छोट्या पलंगावर मच्छरदाणी. भिंतीला शाळेचं दप्तर अडकवायला खुंटी, इतकी खाली, की माझ्या मांडीला लागली.

"तुम्ही म्हणालात, माझं घर मापात बसत नाही," त्या म्हणाल्या. "तरी बांधायला घेतलं. म्हटलं, आलीच तर जागा नको का? पोसोनच्या दुपारी दोघं पानं घेऊन आली. मला वाटलं, वास्तूसाठीच आली. पानं घेतली, आशीर्वाद दिला. नंतर सांगितलं."

म्हटलं, "तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?"

"मला कोण सांगतं, महत्तया? मुलगी गेली तेव्हा मी महिनाभर अन्न सोडलं होतं. त्याच भीतीने लपवलं. आता मला इकडे कुणीच राहिलं नाही." त्या छोट्या खुर्चीची पाठ त्यांनी हाताने पुसली. "एक विचारू? तुम्ही या विद्येतले. खरं सांगा. पोर इथे राहिली असती, तर या खोलीवरून तिला आमच्या शाळेचे किती गुण मिळाले असते?"

वर्तुळ मला पाठ होतं. जन्मात कधी मापात खोटं बोललो नाही, वरिष्ठांनी सांगूनसुद्धा नाही.

"पूर्ण," मी म्हणालो. "एकसुद्धा कापला गेला नसता. आमच्या गल्लीपेक्षा जागा सरस आहे ही. माझंच मोजायचं चुकलं होतं."

"बघा," त्या म्हणाल्या. "मी म्हणतच होते."

आणि मग विमानतळावर खांबासारखी उभी राहिलेली ती बाई पोरीच्या पलंगावर बसून हमसून हमसून रडली. करुणावती तिच्याजवळ जाऊन बसली. मी खिडकीशी गेलो. वरच्या मजल्यावरून सगळं कडवत दिसत होतं. समोर एका शाळेचं मैदान, डावीकडे दुसरीची लाल कौलं, त्यामागे तिसरीचा झेंडा. विहीणबाई डोळे पुसून वर बघायच्या आत मी पडदा ओढून घेतला.